जाहिरातीतला बर्फ आणि रस्त्यावरचा बर्फ

मुंबईत नोकरीला असलेल्या आपल्या गावच्या पोरांना ‘बंबार्डियर’ हा शब्द नवा नाही. २०१५ पासून मुंबईत धावायला लागलेल्या नव्या लोकलना तिथे सरळ ‘बंबार्डियर लोकल’ म्हणतात. डबे चेन्नईच्या कारखान्यातले, आतली विजेची यंत्रणा त्या कंपनीची, आणि नाव मात्र सगळ्या गाडीला चिकटलं. पण हे एका माणसाचं आडनाव आहे, हे लोकलमध्ये लटकणाऱ्या किती जणांना माहीत असेल? त्यातून गंमत अशी, की त्या माणसाने आयुष्यात रेल्वेचा डबा बनवला नाही. तो बर्फावर चालणाऱ्या गाड्या बनवायचा.

गेले काही दिवस मी स्नोमोबाइलच्या जुन्या जाहिराती बघत बसलोय. आता म्हणाल, याला काय झालं? आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीतला नाहीतर मासळी बाजारातला. पण आमच्या धंद्याची सवय वाईट. पेपराच्या पानावर आधी जाहिरात लागते, उरलेल्या जागेत बातमी. त्यामुळे कुठलंही जुनं मासिक समोर आलं की माझी नजर आधी जाहिरातीवरच जाते. बातमी सांगते काय घडलं. जाहिरात सांगते लोकांना काय हवं होतं, किंवा त्यांना काय हवं असावं असं विकणाऱ्याला वाटत होतं.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढे वळण्यासाठी दोन स्की, मागे बर्फ मागे ढकलणारा रुंद रबरी पट्टा, मध्ये इंजिन, वर मोटरसायकलसारखी लांब सीट. गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी यावर बसून फोटो काढलेला असतो.

१९६० आणि ७० च्या दशकांतल्या अमेरिका-कॅनडातल्या या जाहिराती दिसायला फार देखण्या आहेत. बर्फ पांढरा रंगवलेला नसतोच. तो निळा असतो, जांभळट असतो, संध्याकाळच्या चित्रात गुलाबी. मागे देवदारांची काळी रांग. पिवळं, केशरी, लाल यंत्र उतारावरून येतंय, पुढच्या स्की किंचित हवेत, मागे बर्फाच्या भुकटीचा पिसारा. चालवणारा पुरुष, त्याला धरून मागे बसलेली बाई, दोघांचे कपडे यंत्राला मॅचिंग. कुठे शेकोटी, कुठे थर्मास, कुठे लाकडी घराच्या खिडकीत पिवळा उजेड. थंडी कुणालाच वाजत नाही. कुणाचंही नाक लाल झालेलं नाही!

नावं वाचा नुसती. आर्क्टिक कॅटची पँथर, प्यूमा, चीता, लिंक्स, एल टिग्रे. एव्हिनरूडची स्कीटर. जॉन्सनची स्की-हॉर्स. बोलेन्सची डियाब्लो रूज, म्हणजे लाल सैतान. अर्धं प्राणिसंग्रहालय बर्फावर सोडलेलं. आर्क्टिक कॅटवाल्यांनी तर काही वर्षं बिबट्याच्या ठिपक्यांची नक्षीच यंत्रावर चढवली होती. बिबट्या, तोही उत्तर मिनेसोटात.

अशी बरीच चित्रं पाहिल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. यांत रस्ता नाही. घर आहे, जंगल आहे, गोठलेलं तळं आहे, डोंगर आहे. रस्ता कुठेच नाही. आणि हे यंत्र तर रस्त्यामुळेच जन्माला आलं होतं. नेमकं सांगायचं तर बंद झालेल्या रस्त्यामुळे.

ज्योझेफ-आर्मां बंबार्डियर. फ्रेंच उच्चार बोंबारदिए असा काहीतरी आहे, पण आपण लोकलवालाच ठेवू. जन्म १९०७, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातलं व्हालकूर हे छोटं गाव. पंधराव्या वर्षी, १९२२ च्या शेवटी, या पोराने फोर्डच्या मॉडेल टीचं इंजिन घसरगाडीवर बसवलं, मागे विमानासारखा लाकडी पंखा लावला आणि ती गाडी गावातून फिरवली. उघडा पंखा गरगर फिरतोय, माणसं बाजूला पळताहेत. बापाने ते प्रकरण तिथेच बंद करायला लावलं. पुढे १९२६ मध्ये त्याने गावात गॅरेज टाकलं. उन्हाळ्यात गाड्यांची दुरुस्ती, हिवाळ्यात डोक्यातल्या गाडीचे प्रयोग.

हे प्रयोग का, ते समजायचं तर तिथला हिवाळा समजून घ्यावा लागतो. त्या काळात क्वेबेकच्या खेड्यांतले रस्ते हिवाळ्यात कुणी साफ करत नसे. बर्फ पडला की मोटारी लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवायच्या आणि वसंत येईपर्यंत घोड्याची घसरगाडी. डॉक्टर, टपाल, पाद्री, प्रेत, सगळं घोड्यावर. चार-पाच महिने गाव आपल्या जागी अडकलेलं.

१९३४ च्या हिवाळ्यात आर्मांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों आजारी पडला. अपेंडिक्सचं दुखणं, ते पोटात पसरलेलं. हॉस्पिटल शेरब्रूकला, जवळपास ५० किलोमीटरवर. रस्ता बर्फाखाली. आणि दहा-बारा वर्षं बर्फावरच्या गाडीच्या मागे लागलेल्या या माणसाच्या गॅरेजमध्ये त्या दिवशी चालेल अशी एकही गाडी उभी नव्हती. पोर गेलं.

यावर फार लिहावंसं वाटत नाही. पुढच्याच काळात त्याने दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांची जोडी बसवली, एवढं सांगतो. तोवरच्या अनेक प्रयोगांत धातूचे पट्टे होते. जड, थंडीत कडक होणारे, बर्फ अडकला की तुटणारे. याने चाकावर रबर चढवलं आणि पट्टाही रबराचा केला. १९३७ मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच सुमारास बी-७ ही सात माणसांची बंद गाडी विक्रीला आली. मग बारा माणसांची बी-१२, बोटीसारख्या गोल खिडक्यांची. ही गाडी कोण घेत होतं? खेड्यातले डॉक्टर. टपालवाले. हॉटेलवाले. पाद्री. अँब्युलन्स चालवणारे. अंत्यविधीची व्यवस्था करणारे. पुढे शाळेची पोरं नेणारी मोठी गाडीही त्याने काढली. म्हणजे आपल्याकडे एस.टी., टपाल आणि सरकारी दवाखान्याची जीप मिळून जे करतात, ते काम.

स्नोमोबाइलचा शोध एकट्या त्यानेच लावला असं मात्र कुणी समजू नये. असल्या शोधाला एकच बाप नसतो. ‘स्नोमोबाइल’ हा शब्दच मुळात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या व्हर्जिल व्हाइटचा. फोर्ड मॉडेल टीची पुढची चाकं काढून तिथे स्की लावायच्या, मागे पट्टे चढवायचे, असा सगळा सांगाडाच तो १९२० च्या दशकात फोर्डच्या विक्रेत्यांमार्फत विकत होता. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावात दुकान चालवणाऱ्या कार्ल एलियासनचं कारण आणखी साधं. पायात व्यंग होतं. मित्र शिकारीला निघाले की बर्फातून त्यांच्याबरोबर चालवत नसे. १९२४ मध्ये त्याने दुकानामागच्या शेडमध्ये बोटीचं अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन, मॉडेल टीचा रेडिएटर, सायकलचे भाग आणि स्की जोडून एका माणसाची ‘मोटर टोबोगन’ बनवली. स्की दोरीने वळवायच्या. आजच्या स्नोमोबाइलशी तिचंच रूप जास्त जुळतं. पुढे फिनलंडहून २०० गाड्यांची मागणी आली तेव्हा एवढं आपल्याच्याने होणार नाही म्हणून त्याने सगळं काम दुसऱ्या कंपनीला देऊन टाकलं.

या सगळ्यांच्या मुळाशी गरज होती. बाप, डॉक्टर, लंगडा शिकारी. शेकोटीभोवतीचं जोडपं अजून कुठेही नाही.

मग १९४८ साल आलं. क्वेबेक सरकारने कायदा केला की हिवाळ्यात रस्ते साफ करायचे, खेड्यातलेही. ज्या बापाचं पोर बंद रस्त्यामुळे गेलं, त्याच्या प्रांतात आता रस्ते उघडे राहणार होते. पण त्याच बापाच्या कंपनीची विक्री एका वर्षात जवळजवळ निम्म्यावर आली. कारण उघड आहे. सरकारच्या गाडीने रस्ता साफ केला तर डॉक्टर साध्या मोटारीने जाईल, त्याला गोल खिडक्यांची महागडी गाडी कशाला लागेल?

मला या सगळ्या इतिहासात हे वर्ष सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि जाहिरातीच्या रंगीत पुस्तकांत त्याचं चित्र कधीच सापडणार नाही. पावसाळ्यात आपल्या पेपरांत दर वर्षी एक फोटो येतो. मेळघाटातला, भामरागडचा, धडगावकडचा. झोळीत बाळंतीण, दोन्ही बाजूंनी चार माणसं, गुडघाभर पाणी. खाली प्रतिक्रिया येतात: ड्रोन का नाही वापरत, बाइक अँब्युलन्स द्या, अमुक यंत्र द्या. द्यावं ना, जीव वाचत असेल तर नक्की द्यावं. पण क्वेबेकच्या खेड्याचा प्रश्न बी-१२ ने निम्मा सोडवला होता, आणि ती परवडेल त्याच्यापुरता. उरलेला बर्फ काढणाऱ्या सरकारी गाडीने सोडवला. त्या बिचाऱ्या गाडीची कुणी कधी जाहिरात केली नाही.

बंबार्डियर हातावर हात ठेवून बसला नाही. खाणी, जंगलं, दलदली यांसाठी त्याने पट्ट्यावर चालणारे ट्रॅक्टर काढले, त्यातला १९५३ चा मस्केग फार चालला. पण डोक्यात जुनी एक-दोन माणसांची छोटी गाडी होतीच. पन्नासच्या दशकात हलकी इंजिनं मिळायला लागली. मुलगा जर्मेनबरोबर त्याने सलग, बिनजोड रबरी पट्टा तयार केला. आणि १९५९ मध्ये पिवळी स्की-डू बाजारात आली.

या नावाची कथा आमच्या जातीची आहे. असं सांगतात की नाव ठरलं होतं ‘स्की-डॉग’. उत्तरेकडे कुत्र्यांच्या घसरगाड्या चालायच्या, त्यांची जागा हे यंत्र घेणार, म्हणून डॉग. पण रंगाऱ्याने म्हणा, छापणाऱ्याने म्हणा, शेवटचं अक्षर चुकवलं आणि ‘डॉग’चं ‘डू’ झालं. ते कानाला बरं वाटलं, तेच ठेवलं. मुद्राराक्षसाने माणसांच्या नोकऱ्या घालवलेल्या मी पाहिल्यात. ब्रँड घडवलेला हा एकच ऐकला. आज क्वेबेकमध्ये कुठल्याही कंपनीच्या यंत्राला लोक स्की-डूच म्हणतात, जसं आपल्याकडे कुठल्याही तुपाला एके काळी डालडा म्हणत.

सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक उत्तर ऑन्टारिओतल्या लॅन्सडाउन हाउस इथे काम करणाऱ्या फादर मोरीस उईमे या मित्राला दिली गेली. फादर तिथल्या आदिवासी वस्त्यांमध्ये हिवाळाभर फिरत. आर्मांच्या मनात गिऱ्हाईक असाच होता: मिशनरी, फासेपारधी, सर्व्हे करणारे, जंगलखात्याचे लोक. लोक हे मजा म्हणून घेतील आणि ती मजा टिकेल, यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. उलट या खेळण्याच्या नादात कंपनीचं मोठ्या ट्रॅक्टरांचं काम मागे पडेल, अशी त्याला धास्ती होती. १९६४ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी तो कर्करोगाने गेला. १९६६ मध्ये जावई लोराँ बोदुआँ कंपनीचा प्रमुख झाला आणि मग पिवळा रंग सगळीकडे दिसायला लागला. विक्रेते, शर्यती, पिवळे-काळे कपडे, बूट, तेल, आणि ती निळ्या बर्फाची चित्रं.

तिकडे सीमेपलीकडे मिनेसोटात रोझो नावाच्या गावात शेतीची अवजारं बनवणारं वर्कशॉप होतं, हेटीन नावाच्या भावांचं आणि त्यांच्या जोडीदाराचं. पन्नासच्या दशकाच्या मध्यात तिथल्या डेव्हिड जॉन्सनने धान्य वर चढवायच्या पट्ट्याचे भाग आणि शेव्हरले गाडीच्या बंपरच्या केलेल्या स्की वापरून बर्फगाडी जोडली. मालक एडगर हेटीन बाहेरगावाहून आला आणि वैतागला: धंदा सोडून हे काय चाललंय? पण कामगारांचे पगार द्यायचे होते, हातात पैसे नव्हते, म्हणून ती गाडी गावातल्या लाकूडवाल्याला ४६५ डॉलरला विकून टाकली. तीच पुढे पोलारिस कंपनी.

याच एडगरने नंतर जे केलं त्याला मी त्या काळातली सर्वांत मोठी जाहिरात म्हणेन, आणि तिला कागद लागला नाही. मार्च १९६० मध्ये तो आणि तीन सोबती अलास्कात बेथेलहून निघाले आणि हजार मैलांहून जास्त अंतर बर्फावरून तोडून फेअरबँक्सला पोहोचले. हे यंत्र खेळणं नाही, एवढंच जगाला दाखवायचं होतं. त्या चौघांत बेसी बिलबर्ग ही स्त्री होती. पुढच्या पंधरा वर्षांच्या जाहिराती पाहा. बाई बहुतेक मागच्या सीटवर, पुरुषाच्या कमरेला धरून. अलास्कात काय झालं होतं ते चित्रकारांना कुणी सांगितलं नसावं. एडगर परत आला तर कंपनीतले लोक या खर्चावर नाराज. त्याने पोलारिस सोडलं आणि थीफ रिव्हर फॉल्स या गावात नवी कंपनी काढली. तीच बिबट्याच्या ठिपक्यांची आर्क्टिक कॅट. म्हणजे या धंद्यातले दोन जन्माचे प्रतिस्पर्धी एकाच माणसाच्या हातून निघाले.

१९६८ मध्ये मिनेसोटाचाच राल्फ प्लेस्टेड स्की-डूवर बसून उत्तर ध्रुवावर पोहोचला. धंद्याने विमा एजंट. तारीख १९ एप्रिल, आणि जागा बरोबर आहे याची खात्री अमेरिकन हवाई दलाच्या विमानाने वरून केली. आदल्या वर्षी प्रयत्न फसला होता. ध्रुवावर आधी कोण गेलं यावर पिअरी आणि कुकच्या नावाने अजून भांडणं चालू आहेत. बर्फावरून गेलेला आणि ज्याबद्दल वाद नाही असा पहिला म्हणून अनेक जण या विमा एजंटाचं नाव घेतात. आपल्याकडे एलआयसीवाल्या काकांनी असं काही केलं असतं तर!

एवढ्यावर बाजार पेटला. शंभरावर कंपन्या उतरल्या. १९७१ च्या सुमारास उत्तर अमेरिकेत वर्षाला जवळपास पाच लाख यंत्रं विकली जात होती. मोटरसायकलवाले आले, बोटीच्या इंजिनवाले आले, यामाहा आली, हार्ले-डेव्हिडसन आली. ट्रॅक्टरवाले तर येणारच, कारण हिवाळ्यात शेतकरी रिकामा आणि विक्रेत्याचं दुकानही रिकामं. मॅसी फर्ग्युसनने ‘स्की व्हिझ’ काढली. जॉन डिअरने हिरवी स्नोमोबाइल काढली आणि तिच्यासाठी एक ओळ लिहून घेतली: ‘नथिंग रन्स लाइक अ डिअर’. डिअर हे मालकाचं आडनावही आणि हरीणही. डिअरसारखं काहीच पळत नाही.

ही ओळ ओळखीची वाटली ना? पुण्याजवळ सणसवाडीला जॉन डिअरचा कारखाना आहे, आणि कंपनी आजही हीच ओळ वापरते. पण ती ट्रॅक्टरसाठी लिहिलेलीच नव्हती. मला आधीपासून शंका यायची, ऊस वाहणारा ट्रॅक्टर कुठे हरणासारखा पळतो? डिअरने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्नोमोबाइल बंद केली. यंत्र गेलं, ओळ राहिली, आणि ती हिरव्या ट्रॅक्टरच्या मागे उन्हातान्हात आपल्या शिवारापर्यंत आली.

आता चित्रात काय नाही, ते.

चित्राला आवाज नसतो, ही जाहिरातदाराची सर्वांत मोठी सोय. १९६९ च्या आधीची यंत्रं पूर्ण वेगात ५० फुटांवरून १०२ डेसिबलपर्यंत आवाज करायची, असं आता या उद्योगाचीच संघटना सांगते. डीजेच्या भिंतीसमोर उभे राहिलेल्यांना हे सांगायला नको. शांत जंगल, चांदणं, शेकोटी रंगवलेल्या त्या चित्रांत एक माणूस दुसऱ्याशी बोलताना दिसतो. खरं तर इंजिन चालू असताना ओरडूनही ऐकू गेलं नसतं. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पहिल्या स्नोमोबाइल १९६३ मध्ये गेल्या. त्यावरचा वाद पुढे कित्येक दशकं कोर्टकचेऱ्यांत चालला. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना सरकारी जमिनीवर रस्ता सोडून चालणाऱ्या वाहनांबाबत आदेश काढावा लागला. १९७५ पासूनची यंत्रं ७८ डेसिबलच्या आत आणली गेली. म्हणजे आवाज कमी करणं जमण्यासारखं होतं, फक्त कुणीतरी डोक्यावर बसावं लागलं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ज्या कुत्र्यांच्या जागी हे यंत्र यायचं होतं, ती जागा त्याने खरोखर घेतली. कॅनडाच्या घोडदळ पोलिसांची कुत्र्यांच्या गाडीवरची शेवटची गस्त १९६९ ची. पोलिसांना सरकार पेट्रोल देतं. पण बाकीच्यांचं काय?

फिनलंडच्या उत्तर टोकाला सेवेत्तियार्वी भागात स्कोल्ट सामी लोक राहतात. रेनडिअर पाळणारे. घसरगाडीही रेनडिअरच ओढायचा, मांसही त्याचंच, कातडंही त्याचंच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्या मुलखात पहिली स्की-डू आली आणि दहा वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक घराला ती हवीच झाली. काम झटपट व्हायचं, दुकानाला जाऊन दिवसात परत येता यायचं. यात खोटं काही नव्हतं. पण पेट्रोल विकत, सुटे भाग विकत, दोन-तीन हिवाळ्यांनी नवं यंत्र विकत. पैसे कुठून? रेनडिअर विकून. पेर्टी पेल्तो या मानववंशशास्त्रज्ञाने तिथे राहून हे सगळं मोजलं आणि १९७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. घरटी सरासरी ५२ रेनडिअर होते ते दहा-एक वर्षांत १२ वर आले. ज्यांचे कळप मोठे होते, ज्यांच्याकडे रोख होती, ते तगले. जवळपास दोन-तृतीयांश घरं रेनडिअर पाळण्यातूनच बाहेर पडली. यंत्राच्या आवाजाने कळप बुजायचे, अधिक रानटी व्हायचे, ते वेगळंच.

आधी एकमेकांच्या जवळपास बरोबरीने जगणाऱ्या वस्तीत यंत्र असलेला आणि यंत्र फेडता न आलेला असे दोन भाग पडले. बैलजोडी विकून हप्त्यावर ट्रॅक्टर घेतलेलं एखादं घर तुमच्याही ओळखीत असेल. ट्रॅक्टर वाईट म्हणून नव्हे; पाच एकराला तो पेलला नाही म्हणून.

स्कोल्ट सामी माणूस एकाही रंगीत जाहिरातीत मला दिसला नाही. फादर उईमेंच्या वस्तीतले लोकही नाहीत. जे रोज वापरणार होते ते चित्राबाहेर, आणि शनिवार-रविवारी वापरणारे मधोमध. यात कंपनीचा कावा शोधायची गरज नाही. पाच लाख यंत्रं खपवायला तेवढे मिशनरी आणि फासेपारधी जगात नव्हते, एवढं साधं गणित आहे. गिऱ्हाईक नव्याने तयार करायचा होता, आणि तो चित्रकारांनी रंग लावून तयार केला. कामगिरी म्हणून बघितलं तर थक्क व्हायला होतं. क्वेबेक, मिनेसोटा, विस्कॉन्सिनच्या माणसाला हिवाळा म्हणजे घरात कोंडून घालवायचे चार महिने. त्याच हिवाळ्याची वाट बघायला या चित्रांनी लावलं. विस्कॉन्सिनच्या ईगल रिव्हरला १९६४ पासून शर्यती भरतात. हिवाळ्यात ओस पडणाऱ्या गावांची हॉटेलं यामुळे चालायला लागली, हेही खरंच आहे.

फुगा फार टिकला नाही. १९७३ चं तेलसंकट आलं, त्यात काही हिवाळे कोरडे गेले. शंभरावरच्या कंपन्या बघता बघता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. आर्क्टिक कॅट १९८१ मध्ये दिवाळखोरीत गेली, नंतर पुन्हा उभी राहिली. बंबार्डियरही हलली. पण स्की-डूची इंजिनं जिथून यायची ती ऑस्ट्रियातली रोटॅक्स तिने १९७० मध्येच विकत घेतली होती, आणि त्या सौद्यात लोनर नावाचा कारखाना आला होता, व्हिएन्नाच्या ट्राम बनवणारा. घ्यायला गेले इंजिन, हाती लागली ट्राम. १९७४ मध्ये मॉन्ट्रियल मेट्रोच्या ४२३ डब्यांचं काम मिळालं. ते डबे ला पोकातिएर गावातल्या कारखान्यात बनवले गेले. तिथे आधी काय बनत होतं? मोटो-स्की नावाच्या केशरी स्नोमोबाइल! बंबार्डियरने नुकतीच विकत घेतलेली प्रतिस्पर्धी कंपनी. मुंबई लोकलपर्यंतचा रेल्वेचा सगळा प्रवास तिथून सुरू होतो. २००३ मध्ये स्की-डूचा धंदा वेगळा काढून विकला, २०२१ मध्ये रेल्वेचा धंदा आल्स्टॉम कंपनीने घेतला. नाव मात्र अजून लोकलच्या तोंडी आहे.

आज त्या जुन्या माहितीपत्रकांना तिकडे भाव आहे. जुनी यंत्रं दुरुस्त करणारे लोक ती जपून ठेवतात, कारण कुठल्या वर्षी बॉनेटवरची पट्टी कुठल्या रंगाची होती, सीटची शिवण कशी होती, ते त्यातच सापडतं. विकण्यापुरता छापलेला कागद पन्नास वर्षांनी पुरावा झाला.

म्हणून एक विनंती. आपल्या तालुक्यात कुणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, दुकानाच्या फळीमागे सत्तर-ऐंशीच्या दशकांतली ट्रॅक्टरची, पंपसेटची, लुना-राजदूतची, बियाण्याची जाहिरातपत्रकं, कॅलेंडरं असतील तर मोबाइलवर फोटो काढून मला मेसेज करा. पुढची आणि मागची, दोन्ही बाजू काढा. छापखान्याचं नाव बहुतेक मागे खाली बारीक अक्षरात असतं. घरात कुणाला आठवत असेल तर ती वस्तू तेव्हा केवढ्याला आणली आणि पैसे कसे उभे केले, तेही लिहा. मूळ कागद माझ्याकडे पाठवू नका, तुमच्याकडेच राहू द्या. फक्त लॅमिनेशन करू नका.